सत्य गटारातही असते
(मुलुंड येथील व्याख्यानाचा सारांश)

महाकथनांवरील विश्वास उडाला आहे, असे ल्योतारने 1979 साली लिहिले. आता ‘सत्य एकच नसते’ असेही ऐकवले जाते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) या चित्रपटातील समाज असाच विखुरलेला आहे. वकील, न्यायाधीश आपापल्या कोषात सुखी आहेत. शाहिराच्या गाण्यामुळे गटारकामगाराने आत्महत्या केली, हा आरोप मात्र गांभीर्याने चालतो. नवऱ्याजवळ संरक्षक साधने नव्हती, हे त्याच्या पत्नीच्या साक्षीतून उघड होते. या सत्याला दुसरी बाजू नाही. अशा साधनांविना माणसाला गटारात उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. ती आपल्या उपनगरात पाळली जाते का, हे मॅनहोलपाशी उभे राहून आपणच पाहिले पाहिजे.