परसातील पाखरे आणि आपला कॅमेरा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पक्ष्यांच्या फोटोविषयी दोन शब्द बोलावे, असे समितीने आम्हास सांगितले. पुष्कळांना वाटते, पक्षी पाहायचे तर नवेगावबांध किंवा नागझिऱ्यालाच जावे लागते आणि कॅमेरा लाखाचा लागतो. तिथे जरूर जावे. पण सुरुवात आपल्या घरामागच्या परसातून करावी, असे आमचे म्हणणे आहे.

पूर्वी घरे कवेलूची होती. वळचणीला, भिंतीच्या भोकात चिमणी घरटे करायची. आता स्लॅब आला, अंगणात फरशी आली. आपले घर पक्के झाले ही आनंदाचीच गोष्ट. पण चिमणीचे मोडले. तेव्हा फोटोआधी पाखराला परत बोलावले पाहिजे.

त्याला खर्च नाही, बरं का. पहिले पाणी. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मातीचे पसरट भांडे घ्या, पाणी दोन इंचांहून खोल नको, मधे एक दगड ठेवा. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील. भांडे झुडपाजवळ असावे. पण मांजर दबा धरेल इतके जवळ नसावे.

दुसरा दाणा. आपला जिल्हा धानाचा, मूठभर कणी कोणत्याही घरी निघते. मिठाचे उरलेसुरले, तळलेले मात्र टाकू नका. आणि एक ध्यानात ठेवा: दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिलांना अळ्या-किडेच भरवते. म्हणून परसात औषध फवारू नका. मुनगा फुलला की शिंजीर येतो, जास्वंदीवरही येतो. आपल्या विहारातला बोधिवृक्ष, म्हणजे पिंपळ, फळला की बुलबुल, तांबट आणि आपल्या राज्याचा पक्षी हरियाल यांची पंगतच बसते.

आता फोटो. पाण्यापासून दोन-तीन फुटांवर एक वाळकी फांदी रोवा. पाखरू आधी फांदीवर बसते, इकडेतिकडे पाहते, मग पाण्यावर उतरते. तोच आपला क्षण. सकाळचे कोवळे ऊन पाठीशी घ्या, दाराआड किंवा खिडकीच्या पडद्याआड बसा. डोळा स्पष्ट आला तर फोटो जिवंत वाटतो. उडते पाखरू टिपायचे तर शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून जास्त ठेवा. साधा मोबाईल असेल तर तो भांड्याजवळ टेकवून चित्रीकरण सुरू करा आणि सरळ घरात निघून जा. पाखरे आठ-पंधरा दिवसांत सरावतात. तेवढा धीर पाहिजे.

पण काही गोष्टी कदापि करू नका. घरट्याचा फोटो नको. त्यासाठी फांदी बाजूला सारली की पिले उन्हात आणि कावळ्याच्या नजरेत येतात. मोबाईलवर आवाज वाजवून पाखराला फसवू नका. आणि पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही घरोघरी सांगा.

ही शिस्त परसात का शिकायची? कारण तीच पुढे धानाच्या बांधीत कामी येते. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात, आणि तेही मोजकेच. हा उंच पक्षी उभ्या धानातही घरटे करतो. फोटोसाठी चार माणसे बांधीत घुसली तर धान तुडवले जाते, जोडी अंड्यांवरून उठते. आमच्या मते, फोटो चुकला तर उद्या पुन्हा मिळेल. अंडी गेली तर त्या वर्षीचे पिलू गेले.

नवेगावबांधच्या पाखरांना मराठी साहित्यात आणणारे मारुती चितमपल्ली २०२५ मध्ये आपल्यातून गेले. त्यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. फेब्रुवारीत परसातील पक्ष्यांची गणनाही असते. भारतात ती २०१३ पासून होते. पंधरा मिनिटे एका जागी बसायचे आणि दिसलेली पाखरे मोजून नोंदवायची. कॅमेरा नसला तरी चालते.

पोरांनो, तुमच्यापैकी कोणाच्या खिशात गुलेल असेल तर ती आज घरी ठेवा आणि वही-पेन्सिल घ्या. पुढच्या वर्धापनदिनी तुम्ही काढलेले फोटो आणि तुमच्या याद्या या सभागृहाच्या भिंतीवर लागाव्यात, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम!