पाण्यातला सोनार



आमच्या मुखेडमध्ये 'सोनार' म्हटले, की दागिने घडवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे माझा भाचा सोनारवर दोन लाख रुपये घालवायला निघाला आहे, ही बातमी घरात पसरली तेव्हा माझ्या बहिणीला वाटले, पोराने परस्पर मुलगी पसंत केली आणि दागिनेही करायला टाकले. प्रत्यक्षात त्याला हवा होता तो दुसरा सोनार. पाण्यात आवाज सोडून मासे दाखवणारे यंत्र.

भाचा पुण्यात नोकरीला आहे. सुट्टीत गावी येतो तो गळ घेऊनच. त्याने प्लास्टिकची एक कयाक घेतली आहे. कयाक म्हणजे एका माणसाची चिंचोळी होडी, दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची. 'मामू, कौनसा लेना?' असे त्याने यंत्राबद्दल मला विचारले. बी. ए. झालेल्या, कविता लिहिणाऱ्या माणसाला हे का विचारावे, हे त्यालाच ठाऊक. पण विचारले खरे, आणि मग मीच त्या विषयाच्या मागे लागलो. माहितीपत्रके वाचली, तळ्यावर जाळे टाकणाऱ्या भोई मंडळींबरोबर बसलो. तुमच्यापैकी फार थोडे जण कयाक घेतील याची मला कल्पना आहे. पण पाण्याखाली काय आहे, हा प्रश्न आपल्या भागात कयाकवाल्यांपुरता नाही.

एका माणसाची होडी आपल्याकडे आधीपासून आहेच. थर्माकोलचे तुकडे एकावर एक बांधायचे, वर फळी टाकायची, की झाला तराफा. कुणी त्याला चप्पू म्हणते. त्यावर बसून आपला मच्छीमार भल्या पहाटे जाळे सोडतो आणि उजाडल्यावर ते काढतो. कयाक आणि हा तराफा यांच्यात किमतीचे अंतर फार मोठे आहे, पण पाण्याच्या दृष्टीने दोघे सारखेच. माणूस एकटा, पाण्याला अगदी खेटून बसलेला, वारा आला की वाऱ्याच्या मर्जीवर. यंत्र निवडताना हीच गोष्ट आधी लक्षात ठेवायची असते. माहितीपत्रकातले चित्र असते मोठ्या मोटारबोटीचे.

पाण्यात नजर फार लांब जात नाही, आवाज मात्र जातो. १८२६ साली कोलादों आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हाच्या सरोवरात हे मोजून पाहिले. एका होडीखाली पाण्यात घंटा वाजवली, त्याच क्षणी वर दारूचा भडका उडवला. सुमारे साडेतेरा किलोमीटर दूरच्या दुसऱ्या होडीत बसलेल्या माणसाने पाण्यात नळी बुडवून कान लावला होता. भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजला. सेकंदाला चौदाशे मीटरहून अधिक, म्हणजे हवेतल्या आवाजाच्या चौपटीहून जास्त वेग निघाला.

मासे शोधणारे यंत्र याच हिशेबावर चालते. होडीखाली लावलेला भाग आवाजाचा ठोका सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. पंधरा फूट खोल पाण्यात जाऊन यायला सेकंदाचा शंभरावा हिस्सासुद्धा लागत नाही. मजा अशी, की माशाचे मांस जवळपास पाण्यासारखेच असल्याने आवाज त्यातून बराचसा निघून जातो. ठळक प्रतिध्वनी येतो तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा. म्हणजे यंत्र मासा ऐकतच नाही म्हटले तरी चालेल. ते माशाच्या आतली हवा ऐकते. जपानमध्ये नागासाकी भागातल्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये असे यंत्र मच्छीमारांसाठी बाजारात आणले, आणि हळूहळू ते जगभरच्या होड्यांवर गेले. आज कोकणातल्या ट्रॉलरवरही ते नवलाचे राहिलेले नाही.

आता 'लाइव्ह' म्हणजे काय ते पाहू. साध्या यंत्राच्या पडद्यावर चित्र उजवीकडून डावीकडे सरकत जाते. उजव्या कडेची रेघ तेवढी आत्ताची, बाकी सगळा भूतकाळ. पडद्यावर कमानीसारखा मासा दिसतो, पण तो तिथे होता, आहे की नाही कुणास ठाऊक. शिवाय हे यंत्र पाहते खाली. त्याचा आवाज शंकूसारखा पसरतो. शंकू वीस अंशांचा धरला, तर पंधरा फुटांवर तळाशी जेमतेम पाच फुटांचे वर्तुळ पडते. आपल्या तलावांच्या कडेला पाणी दहा-पंधरा फुटांचे. तेवढ्या उथळ पाण्यात होडीची चाहूल लागताच मासा बाजूला होतो. म्हणजे पाहायचे तिथे मासा नसतो आणि मासा असतो तिथे यंत्र पाहत नाही.

लाइव्ह सोनारने ही अडचण दूर केली. त्यात आवाज सोडणारे आणि ऐकणारे अनेक छोटे घटक एका रांगेत बसवलेले असतात आणि चित्र सेकंदाला कितीतरी वेळा नवे होते. गार्मिनचे लाइव्हस्कोप २०१८ मध्ये आले, लोरन्सचे अ‍ॅक्टिव्ह टार्गेट २०२० मध्ये आणि हमिनबर्डचे मेगा लाइव्ह २०२१ मध्ये. होडीच्या पुढे साठ-सत्तर फुटांवर मासा वळतो, थांबतो, गळाकडे येतो, नको म्हणून परत फिरतो, हे सगळे पडद्यावर दिसते. भाच्याने मला त्याचे चित्रण दाखवले. खोटे कशाला बोलू, मीही पाहतच राहिलो.

आमच्या मित्रमंडळींचा पहिला प्रश्न होता, आपल्या गढूळ पाण्यात याचा काय उपयोग? तर गढूळपणा डोळ्याला आडवा येतो, आवाजाला तितकासा नाही. आवाजाला आडवी येते ती हवा. पहिल्या पुराच्या फेसाळ पाण्यात किंवा शेवाळात-पाणगवतात पडदाभर नुसता कचरा दिसतो. आणि गवतात बसणारी मरळ, तळाला चिकटून राहणारी वाम या दोघी कुठल्याही यंत्राला सहजासहजी सापडायच्या नाहीत. मधल्या पाण्यात फिरणारा कटला, रोहू मात्र छान दिसतो.

अडचण सुरू होते ती कयाकवर. लाइव्ह सोनार सगळीकडे पाहत नाही. त्याची नजर वर-खाली मोठी, पण आडवी अरुंद. लाइव्हस्कोपची ती साधारण वीस अंश आहे. बॅटरीसारखे ते रोखून धरावे लागते. मोटारबोटीवर ते विजेच्या छोट्या मोटारीला बांधतात आणि पायाने फिरवतात. कयाकवर एका दांड्याला बांधून हाताने फिरवायचे. म्हणजे एका हातात दांडा, एका हातात गळाची काठी आणि वल्हे मारायला तिसरा हात. वारा सुटला, कयाक फिरली, की मासा पडद्यावरून गेला. पायाने चालणारी कयाक असेल तर थोडे जमते.

दुसरी गोष्ट विजेची. पाच इंची पडद्याचे साधे यंत्र तासाला एक अँपिअरही खात नाही. सात अँपिअर-तासांच्या लहानशा बॅटरीवर दिवस निघतो. लाइव्ह सोनार, त्याचा वेगळा डबा आणि सात-नऊ इंची पडदा मिळून चार-पाच अँपिअर लागतात. आठ तासांचे चाळीस झाले. ते शिशाच्या बॅटरीतून घ्यायचे तर कयाकमध्ये इन्व्हर्टरची बॅटरी ठेवल्यासारखे होईल. म्हणून लिथियम फॉस्फेटची घ्यावी लागते, ती हलकी पण महाग. पडदा उन्हात दिसतो का, हे दुकानातल्या सावलीत कळत नाही. मराठवाड्यातले मे महिन्यातले ऊन कुठल्याही परदेशी कारखान्याने गृहीत धरलेले नसावे. आणि एका कंपनीचा लाइव्ह सोनार दुसऱ्या कंपनीच्या पडद्याला जोडता येत नाही, म्हणून आधी स्वस्त पडदा आणि पुढे मागे दुसऱ्याचा सोनार, असा हिशेब करू नये. बाहेरून मागवायचे असेल तर वॉरंटी भारतात चालते का, हे लेखी विचारावे. एवढे सगळे जमवायला अमेरिकेतच दोन हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतात. साधे यंत्र त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात येते.

पण माझे मत ठरले ते पैशावरून नाही. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या सरोवरांचे तळाचे नकाशे तयार मिळतात, छोट्या कार्डात घालून यंत्रात बसवता येतात. तळ कळलेला आहे, आता मासा तेवढा राहिला, म्हणून त्यांना लाइव्ह सोनार हवा. आपले उलटे आहे. समुद्रावर जाणाऱ्यांना हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाने पाहिलेले पाण्याचे तापमान आणि हिरवेपणा यांवरून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवते, मराठीतूनसुद्धा. तलावातल्या माणसाला असे कोण सांगणार? आणि आपल्या तलावांच्या तळाशी काय काय आहे! जुनी नदीची वाट आहे, बांध आहेत, बाभळीची वाळलेली खोडे आहेत, कठडा नसलेल्या विहिरी आहेत, घरांच्या भिंती आहेत. जाळे अडकते ते तिथेच आणि मासा दबा धरून बसतो तोही तिथेच.

मुखेडकरांना हे वेगळे सांगायला नको. गोणेगावजवळचा लेंडी प्रकल्प, महाराष्ट्र आणि तेलंगण यांचा मिळून, कित्येक दशके रेंगाळला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुक्रमाबाद भागात एका रात्रीत दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरले. हसनाळची माणसे गेली. त्या दिवसांत मला एकच गोष्ट सारखी जाणवत होती. पाणी वर आले की खालचे सगळे एकसारखे दिसते. जिथे अंगण होते आणि जिथे ओढा होता, दोन्हींवर तेच मातकट पाणी. आत काय आहे हे त्या गावच्या माणसालाच माहीत.

म्हणून भाच्याला मी म्हटले, तू मासा दाखवणारे घेऊ नकोस, तळ दाखवणारे घे. साध्या सोनारमध्येच जीपीएस असलेली आणि फिरता फिरता खोलीच्या रेषा काढून स्वतः नकाशा तयार करणारी यंत्रे मिळतात. कयाक घेऊन आठ-दहा सकाळी उभे-आडवे फिरले, की तलावाचा एक मोठा तुकडा कागदावर येतो. थोडे पैसे जास्त घातले तर डावी-उजवीकडचा तळ छायाचित्रासारखा दाखवणारा, साइड स्कॅन म्हणतात तो प्रकारही येतो. याचा एक गंभीर उपयोग आहे. आपल्याकडे पाण्यात कुणी बुडाले, की पहिली हाक जाते ती भोई, कोळी बांधवांना आणि नदीकाठच्या जीवरक्षकांना. ते श्वास रोखून बुड्या मारतात, आकडे टाकतात, हाताने चाचपतात. काठावर घरचे लोक दोन-दोन दिवस बसून राहतात. साइड स्कॅनने तळावरची अशी आकृती शोधता येते. तालुक्याला असे एक यंत्र आणि ते वाचता येणारी दोन माणसे असावीत, असे मला मनापासून वाटते.

राहिला प्रश्न मासा कुणाचा, हा. आपले तलाव मोकळे नाहीत. मच्छीमार सहकारी संस्था ठेका भरते, मत्स्यबीज किंवा बोटुकली आणून सोडते, ती मोठी होईपर्यंत राखण करते. दोन लाखांचे यंत्र घेऊन हौशी माणूस त्यातलाच तीन किलोचा कटला नेमका निवडून काढणार असेल, तर काठावरच्या तराफेवाल्याने काय म्हणावे? अमेरिकेत तर कुणाच्या पोटाचा प्रश्न नव्हता, तरी स्पर्धकांमध्ये यावरून मोठा वाद झाला. मेजर लीग फिशिंग या संघटनेच्या मुख्य मालिकेत २०२५ मध्ये दिवसाच्या तीनपैकी एकाच सत्रात लाइव्ह सोनार वापरू दिला. पोहता येवो न येवो, अंगावर लाइफ जॅकेट हवे आणि खिशात संस्थेची परवानगी. हे दोन्ही नसेल तर यंत्राचा विषयच काढू नये, असे मी भाच्याला सुनावले. मामूला तेवढा अधिकार असतो.

त्याने शेवटी साधे, जीपीएसचे यंत्र घेतले. आमच्या भागातल्या एका तलावावर संस्थेच्या अध्यक्षांना भेटला. नकाशाची एक प्रत संस्थेला द्यायची आणि त्या बदल्यात सुट्टीच्या दिवशी काठीने गळ टाकायचा, असे ठरले. चार सकाळी फिरून काढलेला पहिला नकाशा त्याने काठावर उघडला, तेव्हा सत्तरीचे एक भोईकाका तिथे जाळे दुरुस्त करत बसले होते. तलाव झाला तेव्हा ते शाळकरी पोर होते, त्यांचे घर आतच गेलेले. खोली फुटांत लिहिलेली पाहून त्यांनी ती आधी परसात करून घेतली. मग एका काळ्या ठिपक्यावर बोट ठेवून भाचा म्हणाला, 'काका, ही विहीर दिसते.'

काकांनी चष्मा वर केला, काठावरच्या टेकडीकडे पाहिले, पुन्हा नकाशाकडे पाहिले. 'विहीर इकडे नाही,' ते म्हणाले, 'ती आणखी पन्नास पावलं खाली. हा पाटलाच्या वाड्याचा आड आहे. आणि इथं दोन चिंचा हायेत, त्या तुझ्या मशिनीत आल्याच नाहीत.'

भाच्याने दोन्ही चिंचा पेनने काढून घेतल्या.