अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट

आज उत्क्रांतीबद्दल बोलायचंय. पण डायनासोर नाहीत, माकडापासून माणूसही नाही. आजचा सगळा भाग आहे अर्ध्या मिलिमीटरवर.

शाळेतले मेंडेलचे वाटाणे आठवतात? रोप उंच नाहीतर बुटकं, दाणा हिरवा नाहीतर पिवळा. मधलं काही नाही. पण तुमच्या वर्गात काय दोनच उंचीची मुलं होती? उंची, वजन, पक्ष्याची चोच, यांत मधल्या सगळ्या पायऱ्या असतात. मग हे जनुकांतून येतं कसं?

याचं गणित 1918 मध्ये रोनाल्ड फिशर यांनी मांडलं. अशा गुणावर एक नाही, पुष्कळ जनुकं काम करतात आणि प्रत्येकाचा वाटा छोटासा असतो. 20 नाणी एकदम उडवा. सगळे छापे जवळपास कधीच येणार नाहीत, बहुतेक वेळा दहाच्या आसपास येतील. वर खाणंपिणं, हवामान यांचा परिणाम वेगळाच. म्हणून आलेख घंटेसारखा दिसतो: मधे गर्दी, दोन्ही टोकांना मोजकेच.

आता निसर्ग या घंटेचं काय करतो ते बघू. पॅसिफिक महासागरात, गॅलापागोसमध्ये, डॅफ्ने मेजर नावाचं छोटंसं बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ जोडप्याने 1973 पासून तिथल्या फिंच पक्ष्यांच्या पायात कडी घातली, चोची मोजल्या आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या.

1977 साली तिथे पाऊस जेमतेम पडला. बारीक, मऊ बिया आधी संपल्या. उरलं ते टणक. त्यात एक काटेरी फळ होतं, आपल्या सराट्याचं म्हणजे गोखरूचं भाऊबंद. ते फोडायला जाड चोच लागते. मध्यम आकाराच्या फिंचपैकी शंभरातले साधारण 85 पक्षी नाहीसे झाले. जे वाचले त्यांच्या चोचीची सरासरी जाडी आधीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त भरली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गरज पडली म्हणून कुठल्याही पक्ष्याची चोच जाड झाली नाही. अपडेट वगैरे काही आलं नाही. बारीक चोचीचे जास्त मेले, म्हणून सरासरी सरकली.

पण एवढ्याने उत्क्रांती होत नाही. जाडी फक्त खाण्यापिण्यामुळे आली असती, तर पुढची पिल्लं परत जुन्या सरासरीवर गेली असती. तसं झालं नाही. पिल्लांच्या चोचीही जाड निघाल्या, कारण या फरकाचा मोठा भाग आईबापांकडून येतो. हिशोब सोपा आहे: निवडीमुळे सरासरी जेवढी सरकली, गुणिले अनुवंशिक वाटा. समजा सरासरी अर्धा मिलिमीटर सरकली आणि वाटा 70 टक्के आहे, तर पुढच्या पिढीत 0.35 मिलिमीटर टिकतो. वाटा शून्य असेल, तर एवढे पक्षी मरूनही पुढच्या पिढीत बदल शून्य.

मग चोच अशीच जाड होत गेली का? नाही ना! 2004-05 मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. पण तोवर जास्त मोठ्या चोचीची दुसरी फिंच जात बेटावर स्थिरावली होती आणि काटेरी फळं तीच फस्त करत होती. या वेळी मध्यम फिंचमध्ये लहान चोचीचे जास्त वाचले. दोन्ही वेळा दुष्काळच, निकाल मात्र उलटा. 2016 मध्ये संशोधकांनी या निकालाशी जोडलेला एक जनुकही दाखवला, एचएमजीए2. चोचीच्या आकारात त्याचा वाटा बऱ्यापैकी मोठा आहे.

टीशर्टवर 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' वाचून आपल्याला वाटतं, फिट म्हणजे तगडा. खरं तर फिट म्हणजे त्या वर्षी, त्या बेटावर जमून गेलेला. 1977 मध्ये लहान चोची पूर्ण संपल्या असत्या, तर 2004 मध्ये निवडायला उरलं काय असतं? आज निरुपयोगी दिसणारं टोक हीच उद्याची शिल्लक असते. बियाणं असो, जनावरं असोत, जंगल असो, सगळं एकसारखं करून टाकण्यात धोका आहे तो हाच.

प्रश्न असतील तर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!