एकांड्या गड्याचं काम

जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये पाळी बदलताना मुकादम एका दमात चार सूचना देतो. बहुतेकांना तेवढं पुरतं. एखाद्याच्या डोक्यात मात्र पहिलीच सूचना राहते. हा गडी डबा एकटा खातो. दोघं हसले की आपल्यावरच हसले असं त्याला वाटतं. बोलायला लागला की मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. लोक त्याला एकांडा म्हणतात. वेडा कुणी म्हणत नाही, आणि तो वेडा नाहीच.

अशा वागण्यामागे कधी कधी स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराकडे असलेला कल असतो. असा कल असलेली बहुतेक माणसं त्या आजारापर्यंत कधीच पोहोचत नाहीत, असं मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९६२ साली मांडलं. या कलाला स्किझोटायपी म्हणतात. तो जोखायला मानसशास्त्रज्ञ एड्रियन रेन यांनी १९९१ मध्ये ७४ प्रश्न तयार केले. त्यातून तीन पदर दिसतात: विचित्र समजुती, माणसांपासून तुटलेपण आणि विस्कळीत विचार. ‘देवराई’ सिनेमातल्या शेषचा स्किझोफ्रेनिया ठळक दिसतो, इथे तितकं ठळक काही नसतं.

आपली नजर जाते समजुतींकडे. पण आपल्याकडे अंगात येतं, कौल लावतात, मांजर आडवं गेलं की गाडी थांबते. सगळं गाव मानतं ते निदानात धरत नाहीत. शकुन पाहून कामाला लागलेला माणूसही पाळी चोख करतो. काम अडतं ते जास्त करून उरलेल्या दोन पदरांमुळे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचं रोजचं जगणं भास-भ्रमांपेक्षा स्मरण आणि लक्ष यांवर अधिक अवलंबून असतं, असं मानसशास्त्रज्ञ मायकेल ग्रीन यांनी १९९६ मध्ये दाखवलं. सौम्य कलातही तीच रेघ दिसते, फिकट.

‘मग त्याला एकट्याचं काम द्या’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. कपाशीचा सीड प्लॉट, म्हणजे संकरित बियाण्याचं शेत, घ्या. संध्याकाळी मादी ओळीतल्या कळीचे पुंकेसर काढायचे, सकाळी नर फुलाचा पराग लावायचा. बोलणं कमी, पायऱ्या ठरलेल्या. पण शेकडो कळ्यांत एखादी सुटली की तिथे स्वपरागण होतं आणि बियाण्याची शुद्धता बिघडते. तासन्‌तास लक्ष टिकवणं हीच तर त्याची नड! तेव्हा त्याला ओळी कमी द्या, मध्ये विसावा द्या, झालेल्या ओळीला खूण बांधा. मिलमध्ये एका वेळी एकच सूचना, शक्यतो फळ्यावर लिहून. पाळी बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. चूक चारचौघांत दाखवू नका. संशयी मनाला त्यात कट दिसतो.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार आहे, पण एवढ्या सौम्य कलाला प्रमाणपत्र मिळणं अवघड. त्यामुळे ही सवलत सध्या मुकादमाच्या समजेवरच आहे. मात्र झोप उडाली, कुणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले, नेमानं येणारा गडी अचानक कामावर यायचा थांबला, तर वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.