शेरूच्या पिल्लांविषयी



संगणकावर बोल, असे मला सांगितले होते. मी कुत्र्याविषयी बोलणार आहे. आमचा अल्सेशियन शेरू तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत होता. त्याची तीन पिल्ले आपल्याच वर्गातल्या तिघांकडे गेली. ती आता सात वर्षांची आहेत. हे मी वर्षभरापूर्वीच फोन करून सांगायला हवे होते, पण धीर झाला नाही.

शेरू नऊ वर्षांचा असताना सारवलेल्या खळ्यात त्याच्या मागच्या पायांच्या नखांच्या रेघा उमटू लागल्या. मी नखे कापली. बाबा म्हणाले, "म्हातारो झालो, आणि काय!" पुढे तो वळताना पडायला लागला. पाऊल उलटे टेकले तरी त्याला कळत नसे. दुखत काहीच नव्हते, म्हणून आम्ही आणखी तीन महिने घालवले. एक्स-रेत खुबे ठीक निघाले, तेव्हा डॉक्टरांनी जनुकाची तपासणी करायला सांगितले.

डिजनरेटिव्ह मायलोपथी. यात मज्जारज्जूतले तंतू झिजत जातात. आधी मागचे पाय जातात, मग पुढचे. याच्याशी जोडलेला एसओडी-१ जनुकातला एका अक्षराचा बदल २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी शोधला. याच जनुकातल्या बिघाडाने काही माणसांना एएलएस होतो, हे १९९३ पासून माहीत होते. आमच्या धंद्यात एक अक्षर चुकले की प्रोग्रॅम बहुधा लगेच अडतो. इथे तो आठ-नऊ वर्षे बिनतक्रार चालतो, आणि तोवर पिल्ले होऊन गेलेली असतात.

बाईंनी शिकवलेले मेंडेलचे वाटाणे आठवा. शेरूत जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, म्हणजे प्रत्येक पिल्लात एक आहेच. दुसरी आईकडून आली असेल तर धोका. तरीही दोन्ही असलेली कित्येक कुत्री शेवटपर्यंत ठणठणीत राहतात. एकच असेल तर सहसा काळजी नाही, फक्त जोडी लावताना समोरच्या कुत्र्याची तपासणी करून घ्या.

हा आजार थांबवणारे औषध नाही. रोजच्या हलक्या व्यायामाने पाय थोडे जास्त दिवस साथ देतात. आईच्या जुन्या लुगड्याची झोळी पोटाखाली घालून आम्ही शेरूला दहा महिने चिवल्याच्या वाळूत फिरवले. शेवटी शेवटी बाबाच पुढे असायचे.

जेवणानंतर तुम्ही तिघांनी मला भेटा. गालाच्या आतून नमुना घ्यायच्या काड्या मी आणल्या आहेत.