होल्स्टची सावित्री

गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराचं नाव घेतलं की रसिकांना आठवतात ते त्याचे ‘प्लॅनेट्स’. १९१४ ते १९१७ या काळात त्याने सात ग्रहांवर वाद्यवृंदासाठी रचना केल्या. त्यातला मंगळ ऐकाच: पाच मात्रांचा हट्टी ठेका, आणि व्हायोलिनवाले गजाच्या केसांनी नव्हे, लाकडाने तारांवर टकटक करतात.

मला स्वतःला मात्र ओढ आहे ती त्याच्या ‘सावित्री’ची. लंडनमध्ये मुलींच्या शाळेत संगीत शिकवणारा हा माणूस संस्कृत शिकला, ऋग्वेदातल्या सूक्तांची भाषांतरं त्याने स्वतः केली, त्यांना संगीत दिलं. १९०८मध्ये लिहिलेला ‘सावित्री’ हा जेमतेम अर्ध्या तासाचा ऑपेरा. पात्रं तीनच: सावित्री, सत्यवान आणि यम. सुरुवातीला पडद्यामागून यमाचा आवाज येतो. साथीला एकही वाद्य नाही. त्या सुन्या जागेत सावित्रीचा आवाज मिसळतो, आणि अंगावर काटा येतो.

वर मागताना होल्स्टची सावित्री पतीचे प्राण मागतच नाही. स्वतःसाठी जीवन मागते. यम ते देतो. मग ती म्हणते, सत्यवानाशिवाय कसलं जीवन?