काच पुसण्याची पाळी
(1979 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



समोर एवढी पांढरी डोकी बघून आधी वाटलं, मी चुकून गुरुजनांच्याच रांगेसमोर उभा राहिलो की काय!

संयोजकांनी मला सौरऊर्जेवर बोलायला सांगितलं. गंमत अशी, की माझी 35 वर्षांची नोकरी झाली कोळशावर वीज तयार करणाऱ्या केंद्रात. त्याच कोळशावर माझं घर चाललं, मुलं शिकली. त्याला नावं ठेवायला मी उभा नाही. पण त्याचा हिशेब मला पाठ आहे. एक युनिट विजेसाठी साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो. आपल्या देशी कोळशात 30 ते 40 टक्के राख. म्हणजे युनिटमागे पाव किलो राख उरते. आमच्या कॉलनीत ती वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर बसायची. शिवाय पाणी लागतं, तेही अफाट. 2015 च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. यंत्रं होती, माणसं होती, पाणी नव्हतं. सौर पॅनेलला पाणी लागतं ते फक्त धुण्यापुरतं.

मग सगळं सौरच का करू नये? कारण संध्याकाळी सातला घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात आणि नेमका तेव्हा सूर्य मावळलेला असतो. पावसाळ्यातही वीज बरीच कमी मिळते. तो भार आजही मुख्यतः कोळसाच उचलतो. म्हणून माझं म्हणणं साधं आहे: जिथे दिवसा वीज लागते, तिथे आधी सौर आणा. शेतकऱ्याला दिवसा पाणी देता यावं म्हणून राज्याने 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. रात्री विंचूकाट्यातून मोटर चालू करायला गेलेल्यांना त्याची किंमत कळेल.

आणि दिवसाच चालणारी दुसरी जागा म्हणजे आपली शाळा.

नव्या इमारतीच्या गच्चीवर हजार चौरस फूट सावली नसलेली जागा मी मोजली आहे. तिथे 10 किलोवॅट बसतात. वर्षाला साधारण 14,000 युनिट. तेवढ्यासाठी केंद्रात सुमारे 10 टन, म्हणजे ट्रकभर कोळसा जळतो. मे महिन्यात ऊन भरपूर आणि शाळेला सुटी. तेव्हाची वीज नेट मीटरमधून बाहेर जाईल आणि बिलातून वजा होईल. एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर नंतर मला बोल लावाल. बॅटरी नसलेली ही यंत्रणा गावची वीज गेली की आपणहून बंद पडते. नाहीतर लाइनवर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

आपण निधी जमवलाय तो प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी, हे मला माहीत आहे. कमानीवर आपली नावं येतील, तीही चांगलीच गोष्ट. तरी माझी विनंती आहे, की तो गच्चीवर खर्च करा. वाचलेल्या बिलातून मुलांना पुस्तकं येतील.

पण नुसतं बसवून जाऊ नका. माझ्या गावात कुणीतरी मोठा समारंभ करून सौर दिवे दिले होते. तीन वर्षांत बॅटऱ्या संपल्या, त्या बदलायला कोणी आलं नाही. आता त्या खांबांना म्हशी बांधतात. पॅनेलवर धूळ बसली की वीज घटते. तीही कुणीतरी पुसायला हवी.

आठवतं का, दहावीच्या रात्रीच्या अभ्यासिकेत आपण कंदिलाच्या उजेडात बसायचो? दिवेलागणीच्या आधी काच राखेने घासून पुसायची. सरांनी पाळ्या लावल्या होत्या, यादी फळ्याच्या कोपऱ्यात असायची. ज्याने काच नीट पुसली नाही, त्याला त्या रात्री धुरकट कंदिलाशेजारी बसायला लागायचं. मी दोनदा बसलोय.

तशीच यादी आता पुन्हा करू. गावात राहणारे आपण अकरा जण आहोत. दर पंधरा दिवसांनी एकाची पाळी, सकाळी ऊन चढायच्या आत. बादली आणि मऊ फडकं, बस्स. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली उभं राहून सूचना द्याव्यात, ती सवय आपल्याला आहेच. बाहेरगावच्यांनी निधीत भर घालावी.

पहिली पाळी माझी. यादीवर माझं नाव लिहूनच आणलंय. खाली दहा ओळी मोकळ्या आहेत.